आठ मोजेपर्यंत

नोव्हेंबरात सूर्य डोंगराआड जातो
तो आमच्या इसाफ्योर्दुरला जानेवारीच्या पंचविसाला परततो.
इथे न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवायला
कुणाला शिकवावं लागत नसेल,
असं नोकरीच्या पहिल्या वर्षी मला वाटायचं.

स्टेनुन आली सप्टेंबरात. विसावा आठवडा.
कोळंबीच्या कारखान्यात दिवसभर उभं काम.
शिंक आली की पाय जुळवते म्हणाली,
आणि हसली, भिंतीकडे बघून.
गाडी तिची आई चालवत होती, हल्दोरा.
ती कोपऱ्यात विणत बसली
अंगठ्याएवढा पायमोजा.

मी प्लास्टिकचं कटिर टेबलावर ठेवलं,
त्याच्या तळाशी स्नायूंची लाल झोळी.
हिच्यावर मूत्राशय, गर्भाशय, आतडी,
आता बाळही.
"एवढीशीच?" स्टेनुनने बोट लावून पाहिलं.

श्वास सोड. सोडता सोडता आतून वर उचल.
पोट नको आवळूस, दातही नकोत.
कपाळावरच्या आठीने काही उचललं जात नाही.
आठ मोजेपर्यंत धर.
आता सोड.
पूर्ण.
अजून उरलंय थोडं.

धरणं तिला आठवड्यात आलं.
सोडायला डिसेंबर उजाडला, म्हणजे
उजाडलं नव्हतंच; खिडकीत अकरा वाजताही दिवे.
चौतिसाव्या आठवड्यात बदामाचं तेल दिलं,
अंगठा कुठे, किती वेळ, ते दाखवलं.
जळजळेल थोडं, म्हटलं.
डोकं बाहेर येताना असंच जळजळतं,
तेव्हा घाबरून घट्ट होऊ नकोस. फुंकर घाल,
गरम सुपावर घालतेस तशी.

त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं,
सुयांचा आवाज थांबलाय.
हल्दोराचे डोळे मिटलेले,
ओठ मोजत होते. सहा. सात.

स्टेनुन बुटांचे बंद बांधायला वाकली
तेव्हा ती माझ्याजवळ आली.
"चार मुलं. शेवटच्याला चिमटा लावला होता.
नंतर चर्चचं गायन सोडलं मी.
वरचा सूर लावला की...
लोकांना वाटतं, आवाज गेला."

तेवीस जानेवारी, पहाटे.
सुईणीने गरम फडकं धरून ठेवलं,
स्टेनुन फुंकरत राहिली, मधेच शिव्याही दिल्या.
मुलगी. दोन टाके.
पंचविसाला गावभर सूर्याची कॉफी, पातळ पॅनकेक;
ढग होते, सूर्य दिसला नाही,
पॅनकेक संपले.

मार्चमध्ये यादीत साडेनऊला हल्दोराचं नाव.
एकटी आली. विणकामाची पिशवी खुर्चीत ठेवली,
कोट काढला नाही बराच वेळ.
"एकोणचाळीस वर्षं झाली," म्हणाली,
"आता काही..."

मी हात चोळून ऊन केले.
श्वास सोड, म्हटलं.