रुमालाखाली

वही घेऊन गेले होते म्हशाच्या बाजारात.
ऐरोलीच्या ऑफिसात अकरा वर्षं तक्ते मांडले,
तीच सवय: डावीकडे जात, उजवीकडे लिटर.
होल्स्टीन, पंधरा. जर्सी, बारा.
गीर, आठ, पण कपाळ असं
की फोटो काढताना मीच जरा ताठ उभी राहिले.
कोकण कपिला, पुढे प्रश्नचिन्ह.
डांगी, तीन. तेही पेन्सिलीनं.

कमळू मेंगाळ वही बघत नाही.
धसईच्या माझ्या गोठ्याचा कूड त्यानं घातला,
म्हणून त्याला वाटतं, आत कोण उभं राहणार
ते ठरवण्यात त्याचाही वाटा.
"ही पंधरावाली," तो म्हणतो,
"आषाढात कुठं ठेवशील? पंख्याखाली?
नि लाईट गेली की?"

माझ्याकडे उत्तर होतं, इन्व्हर्टरचं.
दिलं नाही.

पौषातलं ऊन, शेण, कढईतली जिलेबी,
घुंगरमाळा विकणारं एक पोर सारखं मागे मागे.
माळशेज उतरून आलेली एक डांगी,
पांढऱ्यावर शाईची दौत लवंडल्यासारखी,
एक शिंग टोकाला मोडकं.
कमळूनं माझा पंजा धरून तिच्या पाठीवर ठेवला.
उचलला तर तळव्याला तेल.
"पाऊस घरंगळतो हिच्यावरनं. आता खूर बघ."
वाकले. काळे कुळकुळीत, तव्याच्या बुडासारखे.
तिनं शेपटीनं माझा चष्मा पाडला.

राजूरकडचे सावळेराम बांबळे
रुमाल झटकून पुढे आले आणि थबकले.
बाईच्या हातात हात कसा घालायचा?
त्यांनी कमळूकडे पाहिलं.
कमळू घुंगरं निवडत होता, मुद्दाम.

मग मीच हात घातला रुमालाखाली.
चार बोटं दाबली गेली. मग अख्खा पंजा.
मग एका बोटाचं नुसतं पेर.
मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं.
मी त्यांची दोन बोटं दाबली,
कारण तेवढीच हाताला लागली.
बांबळे बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.
"बाई मुरलेल्या आहेत," गर्दीला म्हणाले,
आणि दावं माझ्या हातात.

कितीला घेतली, ते कमळूनं
टेम्पोत बसल्यावर सांगितलं.

मुरबाडच्या अलीकडे नवऱ्याचा फोन: "किती लिटर?"
"खूर काळे आहेत," मी म्हटलं.
तिकडे शांतता. मग, "ते चांगलं असतं का?"
मागे फळीवर ती पाय आपटत होती.
"असतं," म्हणाले,
आणि तेलकट हातातून फोन निसटला.