पागुमे सहा

वकिलातीच्या मागच्या गल्लीत, दातांच्या दवाखान्याखाली
माझं टेबल असतं.
अर्ज भरून देतो. अकरा वर्षं झाली.
स्वतः अदिसहून अदामाच्या पुढे गेलेलो नाही.

आज देब्रे बिरहानच्या बाई आल्या.
मांडीवर पिशवी, पिशवीत पिशवी,
तिच्या पोटात कागद.
मुलगी नॉर्वेत. बाळंतपण फेब्रुवारीत.
"म्हणजे येकातीतमध्ये," बोटांची पेरं मोजत त्या म्हणाल्या.

आडनाव?
"वुबालेम."
ते नाव झालं. आडनाव?
"आडनाव कुठलं? वडलांचं नाव ताफेसे."
मग तेच टाकतो.
"पण ते तर त्यांचं आहे."
रकान्याला हे समजावता येत नाही, बाई.
बाविसाव्या वर्षी कबरीतून उठून
ताफेसे निघाले परदेशी,
लेकीच्या मागोमाग, मोठ्या अक्षरांत.

जन्मतारीख?
"पागुमे सहा, एकोणसाठ."
मी पेन खाली ठेवलं.
पागुमे म्हणजे आमचा तेरावा महिना, पाच दिवसांचा,
चार वर्षांतून एकदाच सहा.
त्या सहाव्या दिवशी आलेलं माणूस
त्यांच्या बारा महिन्यांत बसवायचं कुठे?
भिंतीवरच्या तक्त्यावर बोट फिरवलं:
अकरा सप्टेंबर, सदुसष्ट.
"आठ वर्षं तरुण केलंत की हो!"
मग जरा थांबून, हळूच,
"आणि आता दरवर्षी येईल माझा दिवस?"
येईल. तिकडे दरवर्षी येतो.

फोटो शेजारच्या हाब्तूकडे.
मागे पांढरा पडदा, अंगावर पांढरी नेतेला,
चेहरा तेवढा उरला, हवेत टांगल्यासारखा.
हसू नका, हाब्तू म्हणाला.
त्या हसतच नव्हत्या, त्यांचं तोंडच तसं आहे.
चार वेळा काढला.

विमा तीस हजार युरोंचा.
सहा महिन्यांचं बँकेचं पान, त्यात बार्लीचे पैसे
एकदाच आलेले, आणि लगेच गेलेले.
आणि मग तो रकाना, जिथे सगळे अडखळतात:
परत येणार, याला पुरावा काय?
घर? दिराच्या नावावर.
नोकरी? नाही. नवरा? नाही.
बाईंनी सगळ्यात आतली पिशवी सोडली,
तेलकट वही काढली. इदिरची.
आमच्याकडे मयताचं मंडळ असतं, दरमहा वर्गणी.
"एकतीस वर्षांत एक महिना चुकलेला नाही.
मंडप, कढया, रडायला येणाऱ्या बायका,
सगळ्याचे पैसे भरून झालेत.
एवढं भरून कोण दुसरीकडे मरायला जाईल?"

मी असला पुरावा कधी जोडला नव्हता.
सगळ्या पानांच्या प्रती काढल्या.
शाई संपत आली, तरी काढल्या.

सामानाचं सांगितलं. बेर्बेरे चालेल, घट्ट बांधून.
बार्लीचं पीठ चालेल. लोणी नाही.
"नाही म्हणजे? बाळंतिणीच्या गेन्फोत
मधोमध खळगा करतात, त्यात काय ओतू?"
तिकडेही लोणी मिळतं, बाई. गाईंचाच देश.
"त्याला वास असतो?"
हे मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

मुलाखत साडेआठला. त्यांच्या साडेआठला,
म्हणजे आपल्या अडीचला, सूर्य उगवून अडीच तास.
आपल्या साडेआठला गेलात तर दुपार झालेली असेल,
आणि दाराला कुलूप.
त्यांनी पावतीच्या मागे भलं मोठं "अडीच" लिहिलं.

पैसे दिले. जिन्यापर्यंत गेल्या, वळल्या.
"आणि परतीची तारीख?"
दहा मे. नव्वद दिवस, वर एकही नाही.
पुन्हा पेरं, ओठ हलताहेत.
"गिंबोत दोन," त्या म्हणाल्या.
"इदिरची बैठक पाचला असते.
पोचते मी."