तिसरा घाणा

पहिल्या घाण्यात इरासिल्दोनं तापेरेबाचा गर
उकळत्या माल्टमध्येच ओतला.
बेलेमच्या गल्लीत दुपारचे तीन,
सर येऊन गेलेली, पत्र्यांवरून वाफ निघतेय,
आणि सगळा वास खिडकीतून बाहेर.
समोरची क्रेउझा कपडे पिळता पिळता म्हणाली,
"काय रे, आज कुणाचं लग्न?"
बाटल्यांत उरलं ते पिवळं, कडसर, गप्प पाणी.
फळ गल्लीनं खाल्लं होतं.

दुसऱ्या वेळी त्यानं धीर धरला, पण पुरता नाही.
बादली कोमट झाली, यीस्ट पेरलं,
आणि त्याच रात्री गर घातला, चार किलो.
कोयी हातानं काढलेल्या,
बोटीच्या इंजिनांनी आधीच कापलेल्या बोटांत
आंबटपणा चुरचुरत होता.
यीस्टला गोड तेवढं कळतं.
नऊ दिवस झाकणावरची नळी बुडबुडत राहिली,
दहाव्या दिवशी चव घेतली
तर गोडी गेलेली,
आणि गोडीच्या मागोमाग नावही गेलेलं.

हे सगळं मारिनाल्वासाठी.
बहीण. सव्वीस वर्षं साओ पाउलोत,
दुसऱ्यांच्या पडद्यांना काठ शिवते.
तिथं गर मिळतो, गोठवलेला, चौकोनी पिशवीत.
फोनवर म्हणाली होती,
"तापेरेबाचा पासपोर्टवरचा फोटो असतो तो."
आणि ताजं फळ?
झाडावरून पडलं की संध्याकाळपर्यंतच फळ,
उद्या चिलटांचं.

म्हणून तिसरा घाणा.
आयुष्यभर बंद पडलेल्या इंजिनांना कान लावून
ती सुरू करत आलेला माणूस
आता स्टुलावर बसून, बादलीला कान लावून
बंद पडण्याची वाट बघत होता.
मिनिटाला वीस बुडबुडे. सात. दोन.
मग एक, आणि बराच वेळ काही नाही.
तेव्हा कुठे गर, तोही गार,
दाराला सुतळी बांधलेल्या जुन्या फ्रीजमध्ये.

आपल्याकडे भात आंबला की वाया गेला म्हणतात,
पीठ आंबलं की साधलं.
शब्द एकच. कुठला अर्थ लागू पडला
ते झाकण उघडल्यावर.

सहा बाटल्या भाच्याबरोबर बसनं निघाल्या,
त्याच्या दोन जीन्समध्ये गुंडाळून.
देइविसनला त्यानं बजावलं, उन्हात ठेवू नकोस.
पण फळात साखर उरलीच होती चिमूटभर,
आणि यीस्ट झोपलं होतं, मेलं नव्हतं.
पहिली बाटली मध्यरात्री फुटली,
दुसरी-तिसरी ढाब्यावर, बस उभी असताना,
पुढच्या दोन एकीच्या धक्क्यानं दुसरी.
ड्रायव्हरनं शिव्या घातल्या.
सगळ्या बसभर, सीटच्या कापडात, पडद्यांत
तोच वास, गल्लीतला.
अकरा नंबरच्या सीटवरची म्हातारी
झोपेतून दचकून उठली, म्हणाली,
"पोचलो का परत?"
कोणी उत्तर दिलं नाही.
बाहेर नुसता रस्ता होता, सोयाबीनची शेतं, अंधार.

एक बाटली उरली.
मारिनाल्वानं ती शिलाई मशीनजवळ बसून उघडली,
निम्मी जमिनीवर फेसाळली, निम्मी प्याली.
इकडे इरासिल्दो फोन धरून.
"काय लागतंय?"
"बियर लागतेय."
"आणि?"
"आणि काय, बियर. जराशी आंबट."
त्यानं डोळे मिटले.
चार किलो. पंचवीस दिवस. सुतळी.
"थांब," ती म्हणाली.
मग तीन हजार किलोमीटरवरून
एक लांबलचक, निर्लज्ज ढेकर,
आणि त्यामागे बराच वेळ नुसता श्वास.
"हां," ती म्हणाली. "आत्ता आलं."

वहीत त्यानं लिहिलं:
चौथा घाणा. गर अर्धा किलो कमी.
बाटल्या जाड काचेच्या.
खाली क्रेउझाच्या मुलानं, न विचारता:
पहिल्यासारखा परत कधी उकळणार?