किरकोळ

रविवारी दुपारी, कन्नमवार नगरात, पंखा दोनवर ठेवून
आम्ही पाच पालक पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक करतो.
बेस्टच्या लेखा विभागात मी एकतीस वर्षं काढली,
म्हणून पेन्सिल माझ्याकडे.

केंद्र म्हणजे पालिका शाळेतली तळमजल्यावरची खोली.
पट घटला, वर्ग मिटला, किल्ली आमच्याकडे आली
अकरा महिन्यांच्या करारावर.
एकोणीस जण. सगळ्यात लहान रुबिना, तेवीस.
सगळ्यात मोठा माझा उन्मेष, एकेचाळीस.
छापील अर्जात तो अजून ‘बालकाचे नाव’ या ओळीत राहतो.

खर्च बोला.
शिक्षिका दोन, पगार असा की वर्षाच्या आत निघून जातात.
मदतनीस सुलभाबाई. त्या टिकल्यात.
का टिकल्यात, विचारायचं धाडस कोणी केलेलं नाही.
रिक्षा, जाऊन-येऊन. खळ, पुठ्ठा, फीत.
संडासात धरायला दांडा, सलग तिसऱ्या वर्षी पुढे ढकललेला.
मग घोन्साल्विसबाई चष्मा पुसत म्हणतात,
माझं ऑपरेशन आहे, सुझनला चार रात्री कुठे ठेवू?
मी लिहितो: रात्रीचा निवारा.
पुढे रक्कम नाही. कोणत्या शीर्षाखाली घेऊ?
‘किरकोळमध्ये टाका.’

किरकोळमध्ये आम्ही बरंच टाकलंय.
फिट आल्यावरची टॅक्सी. शेजारच्या वर्गाची काच.
उन्मेषला चहा गाळायला अकरा मिनिटं लागतात.
तेवढा वेळ कोणीतरी नुसतं शेजारी उभं राहायचं,
हात पुढे न करता.
त्या पुढे न केलेल्या हाताचा पगार
कुठल्या रकान्यात धरायचा
हे एकतीस वर्षांत मला कोणी शिकवलं नाही.

मंगळवारी वॉर्ड ऑफिस. उन्मेष बरोबर;
घरी ठेवायला कोण आहे?
साहेब भले होते, पाणी मागवलं.
म्हणाले, निधी तसा आहे, पण प्रस्तावात निष्पत्ती दिसत नाही.
तीन वर्षांत किती जण स्वावलंबी होतील, आकडा द्या.
मी म्हटलं, साहेब, तुमचा डबा कोण भरतं?
म्हणजे, म्हटलं नाही.
परत आल्यावर जिन्यात म्हटलं, दुसऱ्या मजल्यावर.
तिथे म्हटलं, बघतो.

तेवढ्यात उन्मेष उठला, सरळ कपाटापाशी गेला,
ढिगाच्या तळातून एक फाईल ओढून म्हणाला, ‘माझी.’

त्याचीच होती.
त्यांच्या फायलींची कव्हरं आमच्या खोलीत होतात,
बिल सात महिने थकलेलं.
उन्मेष डावा कोपरा दोनदा दुमडतो,
एकदाच दुमड म्हणून किती सांगितलं.
आत कसलीशी गटाराची तक्रार होती.
फीत सैल होती, ती त्याला खपली नाही.
सगळी सोडली. पुन्हा बांधायला घेतली.
साहेबांनी हात पुढे केला
आणि, का कोण जाणे, मागे घेतला.
शिपाई चहाचे कप धरून दारातच थबकला.
मी सवयीने घड्याळ पाहिलं: सहा मिनिटं.
गाठ बसली.
साहेब फायलीकडे बघत राहिले, मग म्हणाले,
‘आकडा शुक्रवारपर्यंत द्या.’

आज गुरुवार.
एकोणीस जणांचे मिळून हयात पालक सव्वीस,
हा आकडा मला पाठ आहे, तो कुणी मागितलेला नाही.
पुढच्या वर्षीचा अंदाज पेन्सिलीने लिहिला, खोडला,
कागद तिथे पातळ झालाय.

ओट्यापाशी उन्मेष चहा गाळतोय.
गाळणं तिरकं धरलंय, थेंब बाहेर पडतायत,
मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलोय.