नांगर

साडेपाचला तिसऱ्या रेल्वे गेटपाशी टेम्पो आला.
आम्ही अकरा जण, माणशी साडेचारशे,
त्यात उप्पीट, जेवण आणि बेट.
पक्षी दिसतीलच असं कुठं लिहिलेलं नव्हतं;
बिर्जे सरांनी पावती उलटीसुलटी करून
दोनदा खात्री करून घेतली.

काकती गेली, यमकनमर्डी धुक्यात गेली.
हत्तरगीच्या टोलवर पहिला पक्षी: कावळा.
त्यांच्या नातवानं, समृद्धनं, वहीत लिहिला. एक.

हिडकलच्या धक्क्यावर लगमाण्णा उभा.
खाकी स्वेटर, कानटोपी,
गळ्यात दुर्बीण, तिची डावी काच तडकलेली.
"एका डोळ्यानं पक्षी बघतो," म्हणाला,
"दुसरा होडीला लागतो."
नियम सांगितले आधी कन्नडात, मग मराठीत.
मराठीत एक नियम जास्त होता:
"बोलू नका ओ. ती ऐकूलेत."

आणि खरंच, पाणी ऐकत होतं.
इंजिन बंद झालं तसं मला माझंच
स्वेटर घासल्याचं ऐकू आलं.

मग काठाच्या सावलीतून काहीतरी निघालं,
नाकाएवढं टोक, मागं सरळ रेघ.
वडगावात मागाच्या खड्ड्याशेजारी वाढले मी,
ताण्यातून जाणारा धोटा झोपेतही ओळखते.
तसंच गेलं ते, इकडून तिकडं,
आणि पाणी मागं विणून बंद.

"पाणमांजर!" बिर्जे सर कुजबुजले, म्हणजे ओरडलेच.
"नीरनाय," लगमाण्णा म्हणाला.
आमच्यात पाण्यातलं मांजर,
त्यांच्यात पाण्यातलं कुत्रं.
समृद्धची पेन्सिल थांबली. "मग नक्की काय?"
"त्यालाच विचार की. पण जेवूदे आधी."
दगडावर बसून ते मासा खात होतं,
डोक्यापासून सुरुवात, दोन्ही हातांत धरून,
लग्नातल्या पंगतीत जिलबी खावी तसं.

बेट म्हणजे बुडालेल्या टेकडीचा उरलेला माथा.
बाभळी, वाळलेलं कुसळी गवत,
फांदीफांदीवर पाणकावळे, पंख वाळत घातलेले.
चिखलात ठसे वाचत लगमाण्णा पुढं,
आम्ही त्याच्या पावलात पाऊल टाकत मागं.
कुठं कासवाचं अंड्याचं टरफल,
कुठं सापानं काढून टाकलेली कात,
आणि एका झुडपाखाली अर्धं जातं.
मी वाकले.
"ऱ्हाऊदे, अक्का," तो मागं न बघता म्हणाला.
जात्याच्या भोकातून मुंग्यांची रांग चालली होती.

भाकरी, शेंगाचटणी, गार झालेलं वांगं.
कुणीतरी गोकाकचा करदंट काढला,
लगमाण्णानं आपला तुकडा खिशात ठेवला,
घरी कुणासाठी, ते सांगितलं नाही.

परतताना सूर्य धरणाच्या भिंतीवर टेकला
आणि कांड्या करकोचे आले.
आधी आवाज, मग ठिपके, मग आभाळभर.
"इथंच थांबवा," सगळे एकदम, "नांगर टाका, फोटो!"
लगमाण्णानं इंजिन बंद केलं.
साखळीला हात लावला नाही.
"का हो? खोल आहे का?"
"न्हवं. आठ-नऊ हात असंल."
"मग?"
त्यानं कानटोपी काढली, परत घातली.
"इथं माझ्या बापानं नांगर घातलाय.
त्यावर दुसरा नको."

मग होडी नुसती वाहत राहिली,
कुणाच्या तरी बांधावरून, विहिरीवरून,
कदाचित उंबऱ्यावरूनही.
करकोचे पलीकडच्या उथळ चिखलात उतरले,
एक पाय, मग दुसरा,
नव्या जागेवर पाऊल टाकावं तसे,
जरी दर वर्षी इथंच येतात.
सगळ्यांचे फोटो हललेले आले.
बिर्जे सरांनीसुद्धा पावती काढली नाही.

टेम्पोत समृद्ध झोपला, वही माझ्या मांडीवर घसरली.
कावळा एक. करकोचे: खूप, मोजता आले नाहीत.
शेवटच्या ओळीत खाडाखोड,
मग नीट वळणदार अक्षरात:
पाण्यातलं मांजर किंवा कुत्रं, एक.
त्याच्यासमोर, कंसात, घाईनं:
जेवत होतं.