डावा बूट

रात्री साडेअकराला होग्नीचा फोन, क्लाकस्विकहून.
"मार्युन, पायाची जखम भरत नाहीये. काय करायचं,
एवढंच शोधून दे."
एवढंच!
मी एवढंच टाकलं. एकेचाळीस हजार लेख
पडद्यावर येऊन पडले, धक्क्यावर ओतलेल्या मासळीसारखे.
निवड म्हटलं, तुला हवा तो एक.

कुणाचा पाय?
म्हातारीचा.
म्हातारी म्हणजे किती?
त्र्याऐंशी. सुन्नेवा. आतल्या घोट्याच्या वर,
शिरा फुगलेल्या, सातवा महिना चालू.
साखर? नाही. पावलातली नाडी? लागते बोटाला.
बघ, निम्मा समुद्र गेला बाजूला.

बांधणार काय आहेस?
चार पदरी पट्टी, घट्ट.
कशाऐवजी?
इथे तो अडखळला. सगळेच अडखळतात.
उपचाराशेजारी दुसरा उपचार उभा केल्याशिवाय
उंच कोण, बुटका कोण, कळायचं कसं?
"दोन पदरी," तो म्हणाला, "हलकी.
चार पदरी ती रात्री कात्रीने कापून टाकते."

मग शब्द. जखम, व्रण, क्षत:
भावंडांमध्ये 'किंवा' घातला की सगळी घरात येतात.
दोन घरांमध्ये 'आणि' घातला की
दोन्हीकडे नातं असलेलाच आत येतो.
तीस वर्षं मी या दोन अव्ययांवर पोट भरते आहे.

आणि शेवटी व्हायला काय हवंय?
"जखम भरायला हवी, दुसरं काय!"
ते तुला. तिला?

फोनमध्ये नुसता वारा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा निरोप आला.
तिला डावा बूट घालायचाय.
पट्टीवरून तो चढत नाही
आणि नवऱ्याच्या थडग्याकडची ओली चढण
घरातल्या सपातांनी होत नाही.

मी पुन्हा जाळं टाकलं.
चौदा लेख. कामाचे सहा.
सगळ्यांनी मोजलेत आठवडे, सेंटिमीटर, खर्च.
एकाच तक्त्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत:
स्वतःचे बूट घालता आले का, याची नोंद ठेवलेली नाही.

ती ओळ अधोरेखित केली.
सहाही लेख पाठवले. खाली लिहिलं,
पट्टी कुठली ते तू ठरव, तिला विचारून.
बूट चढला तर तारीख कळव.
नाही चढला, तरी कळव.