शीव पुढे गेली

गाडीच्या डिकीत एकसष्ट प्रती,
पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर जुना टॉवेल.
मॉन्टानातलं हे चौथं गाव.
ही सगळी एकेकाळी शिवेवरची गावं;
शीव पुढे निघून गेली पश्चिमेला
आणि गावं राहिली इथेच,
पाहुणे गेल्यावरच्या सतरंजीसारखी.

वाचनालय म्हणजे जुनी बँक.
तिजोरीत आता बालविभाग.
मिसेस टॉर्गर्सननी वीस खुर्च्या मांडल्या,
मग माझ्याकडे न बघता आठ उचलल्या.

मी वाचते खाणीवरच्या धोबिणीचं प्रकरण:
साबणाने सोललेले हात,
दोरीवर गोठून ताठ झालेले सदरे,
बिनडोक्याची माणसं रांगेत उभी जशी.
समोर पाच जण.
एकाच्या सदऱ्यावर रक्त.

रक्त म्हणजे मक्याचा पाक आणि लाल रंग.
हा वेंडेल. आयुष्यभर शाळेची बस चालवली,
आता उन्हाळाभर रोज दुपारी दोनला
मेन स्ट्रीटवर मरतो. पर्यटक टाळ्या वाजवतात.
धूळ झटकून उठतो, चारला पुन्हा मरतो.

"तुमच्या पुस्तकात कोण मरतं?"
म्हटलं, पुष्कळ जण. पण गोळीने एकच,
तोही स्वतःची बंदूक पुसताना.
बाकी विषमज्वर, बाळंतपण, विहिरीचं पाणी.
"मग बघायला कोण येणार?" तो म्हणाला,
खरंच काळजीने,
आणि चुरगळलेल्या नोटा टेबलावर सपाट केल्या.

सही कुणाच्या नावे?
"माझ्या नको. जो मरतो ना, त्याच्या.
पण त्याला नाव नाही. कागदावर नुसतं
'टोळीतला तिसरा'. अकरा वर्षं झाली."

पेन थांबलं.
सकाळीच टेकडीवरच्या कबरस्तानात
निनावी फळ्या मोजल्या होत्या,
एकोणचाळीसपर्यंत; मग वारा सुटला.
माझ्या धोबिणीलाही नाव मीच दिलेलं,
रात्री, स्वयंपाकघरात,
कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला.

लिहिलं: एझ्रा कोल यास.
सदऱ्यावरचे डाग, तीन सेंट उधार.
हट्टाने म्हणाला, तुमच्या लिपीतही लिहा.
लिहिलं. त्याने अक्षरांच्या माथ्यावरून
बोट फिरवलं, सावकाश.
"ही वरची रेघ कशाला?"

कपडे वाळत घालायला, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दोनला
मी गावाबाहेरच्या पंपावर होते.
लांबून दोन बार ऐकू आले.
टाकी केव्हाच भरली होती,
तरी थांबले,
टाळ्या ऐकू येईपर्यंत.

डिकीत अठ्ठावन्न.